आखणीत नसलेली वाइनरी

"तीन वाइनरी, मध्ये जेवण आणि शेवटी धरणाच्या काठावर सूर्यास्त," केतकी म्हणाली आणि तिने आपला फोन माझ्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "विराजने आखून पाठवलंय. आता तू चुका काढ."

पडद्यावर नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचा नकाशा होता. जलाशयाच्या निळ्या, वेड्यावाकड्या बोटांभोवती तीन लाल खुणा होत्या. चौथी खूण पाण्याला सर्वांत जवळ होती आणि तिच्यापुढे फक्त 'जेवण' असे लिहिले होते.

"हे काय आहे?"

"विराजचं घर."

"आणि त्यांची वाइनरी?"

"घराच्या मागेच आहे."

"मग ती आखणीत का नाही?"

केतकीने आईकडे पाहिले. तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण नलू, समोर बसून मटार सोलत होती. तिने मान वर न करता म्हटले, "मी सांगितलं होतं ना, दादाला तेच आधी दिसेल म्हणून."

"तिथे बाटल्या भरायचं काम चाललंय," केतकी म्हणाली. "सगळा राडा आहे, पाहुण्यांना दाखवण्यासारखं नाही, असं म्हणाला तो."

"फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत काय झालं?"

"फेब्रुवारीत नवी द्राक्षं तोडतात. त्यांच्यासाठी टाक्या मोकळ्या लागतात. म्हणजे बाटल्या भरण्याचं काम त्याआधीच उरकलेलं असायला हवं."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"परवा वाचलं."

"तू वाइनवर वाचतोयस? का?"

"कारण ती बनवणाऱ्या माणसाशी तू लग्न करणार आहेस."

मी तेव्हा नुकताच निवृत्त झालो होतो. नोकरीची सगळी वर्षे एका अन्न-परीक्षण प्रयोगशाळेत वासांच्या तक्रारी तपासण्यात गेली. बिस्किटांना रॉकेलचा वास, दूधपावडरीला रंगाचा, बाटलीबंद पाण्याला मातीचा. त्या कामात माझी एक धारणा पक्की झाली होती: तक्रार करणारा माणूस सहसा खरे बोलतो, खुलासा करणारा सहसा बोलत नाही.

पण संशयाचे खरे कारण हे नव्हते. नलूच्या नवऱ्याची नोकरी गेली होती आणि ही गोष्ट त्याने घरात जवळजवळ वर्षभर कळू दिली नव्हती. इस्त्रीचा शर्ट घालून तो रोज सकाळी बाहेर पडे आणि संध्याकाळी ऑफिसातल्या गमती सांगे. कळले तेव्हा नोकरीचे दुःख केव्हाच मागे पडले होते. नलूला झोपू देत नव्हत्या त्या गमती. पुढे तो आजारपणात गेला. केतकी लग्नाच्या वयाची झाली तेव्हा नलूने एकच अट घातली. गरीब चालेल, दुसऱ्या जातीचा चालेल, घटस्फोटितही चालेल. लपवणारा नको.

केतकीने विराज निमसे हे नाव घरात सांगितले, तेव्हा नलूने मला बोलावून घेतले. होकार द्यायचा की नाही, हे या एका दिवसानंतर ठरणार होते.

"तूही चल ना," मी तिला म्हणालो.

"मी आले तर मला तो आवडून बसेल," नलू म्हणाली. "तू जा. तुला कुणी आवडत नाही."

मी आखणी हाती घेतली. आधी पांढऱ्या वाइन, मग लाल. उलट केल्यास पांढरीची चव कळत नाही. प्रत्येक ठिकाणी घोट तोंडात फिरवून थुंकायचा, गिळायचा नाही. मधल्या वेळात साधे पाणी आणि कोरडा पाव.

"आणि केतकी, त्या दिवशी अत्तर लावायचं नाही. डोक्याला तेलही नाही."

"मामा, आपण फिरायला चाललोय. पंचनाम्याला नाही."

मी विराजला फोन लावला. केतकीच्या आग्रहावरून आवाज सर्वांना ऐकू येईल असा ठेवला.

"आखणी उत्तम आहे," मी म्हणालो. "एकच बदल सुचवतो. जेवणाआधी तुमची वाइनरी पाहू."

"सर, तिथे पाहण्यासारखं काही नाही सध्या."

"न पाहण्यासारखं पाहणं हाच माझा व्यवसाय होता."

केतकीने कपाळावर हात मारला. विराज हसला, पण जरा उशिरा. "बघू या सर. आई जेवायला बसवेल लगेच. वेळ उरला तर नक्की."

फोन ठेवल्यावर नलूने सोललेले मटार दोन्ही हातांनी भांड्यात ढकलले. "हो म्हणाला का रे तो?"

"नाही."

"नाही म्हणाला?"

"तेही नाही."

नलू उठून आत गेली.

सकाळी विराज आपली जीप घेऊन नाशिकच्या हॉटेलवर आला. तिशीचा, सडपातळ, उन्हाने रापलेला. केतकीने दिलेला पाण्याचा ग्लास त्याने आधी नाकाशी नेला आणि मगच ओठांना लावला. ही सवय त्याच्या लक्षातही नसावी.

पहिली वाइनरी टेकडीवर होती. तिच्या गच्चीवरून सगळा जलाशय दिसत होता. पाणी ओसरू लागले होते आणि उघड्या पडलेल्या काठावर कुणी गाळपेर केली होती. तपकिरी गाळाच्या कडेने हिरव्या पिकाची अरुंद पट्टी पाण्यासोबत वळत गेली होती. पलीकडे अंजनेरीचा डोंगर धुरकट निळा उभा होता. देखावा नि:संशय सुंदर होता. सुंदर देखाव्यासमोर माणसाची चिकित्सा सैल पडते, हे वाइनरी बांधणाऱ्यांना ठाऊक असणार.

केतकी फोटो काढण्यात गुंतली तेव्हा मी काउंटरवरच्या मुलीकडे गेलो आणि तीन ग्लास भरायला सांगितले. दोन नुकत्या उघडलेल्या बाटलीतून, एक त्याच वाइनच्या कालच्या उरलेल्या बाटलीतून.

"पण सर, वाइन तर एकच आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच."

तीन ग्लास विराजपुढे ठेवले. ही आमची जुनी पद्धत. तीन नमुने, त्यांत दोन सारखे. वेगळा कोणता ते सांगायचे. अंदाजाने उत्तर बरोबर येण्याची शक्यता एकतृतीयांश असते, म्हणून आम्ही ही चाचणी पुन्हा पुन्हा घेत असू. विराजच्या बाबतीत तशी गरज पडली नाही. त्याने तिन्ही ग्लासांवरून एकदा नाक फिरवले, चाखलेसुद्धा नाही.

"मधला. वाइन तीच आहे, पण ही बाटली काल उघडलेली दिसते. संध्याकाळी उघडली असेल." त्याने माझ्याकडे पाहिले. "माझी परीक्षा होती का, सर?"

"हो."

"पास?"

"नाकाची."

"मामा, हे बरं नाही हं," केतकी मागून म्हणाली.

"राहू दे गं," विराज म्हणाला. "माझी बहीण असती तर मी तीन नाही, सहा ग्लास ठेवले असते."

मला हे उत्तर आवडले आणि म्हणून मी अधिकच सावध झालो.

दुसऱ्या वाइनरीत आवारात द्राक्षांच्या प्लास्टिकच्या पेट्या उतरत होत्या. तिथला व्यवस्थापक विराजला पाहताच पुढे आला. "अरे दादा, आज सुट्टीच्या दिवशीपण? ती दोन नंबरची टाकी बघून घ्या ना जरा, कालपासून आंबणं मंद झालंय."

"उद्या येतो," विराज घाईने म्हणाला.

"दादा निम्मा आठवडा आमच्याकडेच असतात," व्यवस्थापक आम्हाला अभिमानाने म्हणाला. "यांच्याशिवाय आमचं पान हलत नाही."

जीपमध्ये बसल्यावर केतकीने विचारले, "तू इथे नोकरी करतोस?"

"नोकरी नाही. सल्ला देतो थोडा."

"निम्मा आठवडा?"

"सांगणार होतो तुला."

"कधी?"

"अगं, सांगण्यासारखं काही असतं तर सांगितलं असतं ना."

ती खिडकीबाहेर पाहू लागली. स्वतःची वाइनरी असलेला माणूस ऐन हंगामात दुसऱ्यांच्या टाक्या सांभाळत होता. आपल्याकडे बाटल्या भरण्याचा राडा असल्याचे त्याने सांगितले होते. ही दोन विधाने एकत्र नांदणे कठीण होते.

निमसेंचे घर जलाशयाच्या एका चिंचोळ्या फाट्यावर होते. अंगणातून उतरत गेले की पाणी. विराजची आई, शकुंतलाबाई, आमच्या स्वागताला बाहेर आल्या. सुती साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली आणि पायांत रबरी गमबूट. सगळे त्यांना शकूताई म्हणत. मीही तेच म्हणू लागलो.

"या भाऊ. ये गं केतकी. हे बूट बघून हसू नका, आत्ताच धुऊन आले." त्यांनी लेकाकडे बोट दाखवले. "हा म्हणाला, पाहुण्यांना आपली वाइनरी बघायची नाही. म्हटलं, असं कसं? पुण्याचा शास्त्रज्ञ माणूस इतक्या लांब येतो आणि नुसता जेवून जातो व्हय?"

मी विराजकडे पाहिले. तो जीपची काच पुसत होता. काच स्वच्छ होती.

"मला पाहायला आवडेल," मी म्हणालो.

"बघ," शकूताई त्याला म्हणाल्या.

केतकी नलूला फोन करायला गच्चीवर गेली. खाली रेंज नव्हती. मी शकूताईंच्या मागून घराच्या पाठीमागे गेलो. बाटल्या भरण्याचे काम कुठेही चालू नव्हते. यंत्रावर ताडपत्री होती आणि ताडपत्रीवर धूळ. चार पायऱ्या उतरून आम्ही दगडी तळघरात आलो. भिंतीलगत लाकडी फळ्यांवर ओकची पिंपे आडवी मांडली होती आणि बऱ्याच मोकळ्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. फरशी ओली आणि पांढरीशुभ्र होती आणि हवेत पोहण्याच्या तलावासारखा वास होता.

"यांनी बांधलं हे," शकूताई म्हणाल्या. "विराजच्या वडिलांनी. फार जीव होता त्यांचा यात. ते गेले त्या पावसाळ्यात इथे बुरशी अशी चढली होती, फळ्यांवर, पिंपांवर. मी म्हटलं, आपण दुधाची चरवी रोज घासतो. एक दिवस नाही घासली तर दूध नासतं. मग वाइनने काय पाप केलंय? तेव्हापासून दर आठवड्याला ब्लीचिंग पावडर टाकून सगळं घासते. फळ्यासुद्धा. कामाच्या बाईला हात लावू देत नाही."

त्यांनी एका पिंपाचे बूच काढले, काचेच्या नळीने थोडी वाइन ग्लासात घेतली आणि माझ्या हाती दिली.

मी ग्लास नाकाशी नेला. पावसाळाभर बंद राहिलेली ट्रंक उघडावी, तसा वास होता. ओला पुठ्ठा, कुबट फडके. फळाचा वास जवळजवळ नव्हताच. हा वास मला नवा नव्हता. लाकडी खोक्यांत आलेल्या मनुकांमध्ये तो मी पूर्वी पकडला होता. ब्लीचिंग पावडरमधले क्लोरीन लाकडात मुरते, बुरशी त्यावर आपले काम करते आणि जे तयार होते त्याचा कणभर अंशही पिंपभर वाइनला पुरतो. दुधाची चरवी धातूची असते. तिला हे होत नाही.

"कशी आहे?" शकूताईंनी विचारले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही लपवलेले नव्हते. ज्या बाईने या हवेत रोज श्वास घेतला तिच्या नाकाने त्या वासाची खबर देणे केव्हाच बंद केले असणार.

मी उत्तर शोधत होतो तेवढ्यात विराज पायऱ्या उतरून आला. त्यांनी ग्लास माझ्याकडून घेऊन त्याला दिला. "तू सांग रे."

त्याने वास घेतला. घोट घेतला. गिळला. चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

"मस्त झालीय, आई."

सकाळी ज्या नाकाने कालची बाटली न चाखता ओळखली होती, ते हेच नाक. संशयाचा प्रश्न आता उरला नव्हता. माझ्याजवळ पुरावा होता. शकूताई पाने घ्यायला वर गेल्या आणि मी विराजला म्हणालो, "जरा पाण्यापर्यंत जाऊन येऊ."

काठाशी पोचल्यावर मी विचारले,

"केव्हापासून कळतंय तुला?"

त्याने न कळल्याचे सोंग केले नाही, एवढे मान्य केले पाहिजे. "बाबा गेल्यानंतरच्या दिवाळीपासून."

"कारणही माहीत आहे?"

"सर, वाइनरीत क्लोरीन आणायचं नाही, हे पहिल्या तासाला शिकवतात."

"मग?"

"मग काय? बाबा गेले आणि ती उठेचना. जेवण नाही, बोलणं नाही. एक दिवस खराटा घेऊन तिथे उतरली आणि घासायला लागली. त्या रात्री भाकरी खाल्ली तिने. आता तिला काय सांगू, तू घासलंस म्हणून नासलं?"

"आणि वाइन?"

"एक बाटलीसुद्धा विकत नाही मी. तुम्ही कुठेही चौकशी करा. आई मावशीकडे गेली की उपसून काढतो आणि विकली म्हणून सांगतो. दुसऱ्यांकडे काम करतो ते त्यासाठीच. घर त्यावर चालतं."

"केतकीला हे का नाही सांगितलंस?"

तो पाण्याकडे पाहत राहिला. "ती माझ्या आईला सांगेल."

उत्तर प्रामाणिक होते. म्हणूनच ते वाईट होते. मला नलूच्या नवऱ्याची आठवण झाली. तोही दुष्ट नव्हता. बायकोला काळजी नको, एवढेच त्याचे म्हणणे होते.

"मी तिला आज सांगणार आहे," मी म्हणालो.

"सांगा. माझी हरकत असून उपयोग नाही." तो थांबला. "जेवण तेवढं होऊ द्या. पहाटेपासून करतेय ती."

मी तोवर थांबावे की नाही, हे ठरण्याआधीच वरून शकूताईंची हाक आली. आम्ही पोचलो तेव्हा केतकी पाटावर बसलेली होती आणि ताटे वाढून झाली होती. बाजरीची भाकरी, काळ्या मसाल्यातली भरली वांगी, ठेचा. शकूताईंनी पदराआडून एक बाटली काढली.

"आई, दुपारची वेळ आहे," विराज म्हणाला. "राहू दे."

"तू गप. सून होणारी पोरगी पहिल्यांदा घरात जेवतेय आणि घरची वाइन नाही? लोक काय म्हणतील, निमसेंनी शेजाऱ्यांच्या वाइनवर पाहुणचार केला?"

त्यांनी चौघांना ओतली. केतकीने हसून ग्लास उचलला, घोट घेतला आणि तिचा हात तसाच राहिला. तिने पुन्हा वास घेतला.

"काकू, रागवू नका," ती म्हणाली. "याला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतोय का? का मला एकटीलाच येतोय?"

"पुठ्ठ्याचा?" शकूताई हसल्या. "पुठ्ठा कशाला घालू मी त्यात? विराज, बघ रे."

विराजने ग्लास नाकाशी नेला. मग केतकीकडे सरळ पाहत म्हणाला, "मला नाही येत. सकाळपासून चाखतेयस ना, नाक थकलं असेल. होतं असं."

खुलासा शास्त्रीयदृष्ट्या निर्दोष होता. थकलेल्या नाकाला भलतेसलते वास येतात. मी स्वतः अशा खुलाशावर अहवाल मागे घेतलेले होते.

केतकी त्याच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे वळली. "मामा?"

शकूताई माझ्याकडे पाहत होत्या. विराजही पाहत होता, पण त्याच्या नजरेत आता विनंती नव्हती. जे होणार ते होणार, अशी ती नजर होती.

"येतोय," मी म्हणालो.

शकूताईंनी आपला ग्लास उचलला. नाक जवळजवळ त्यात बुडवून वास घेतला. पुन्हा घेतला. "मला काहीच येत नाही." त्यांचा आवाज वाद घालण्याचा नव्हता, त्या घाबरल्या होत्या. "भाऊ, मला का येत नाही?"

"तुम्ही रोज त्याच वासात असता. नाक सवयीच्या वासाची दखल घेणं सोडून देतं. कुणाचंही."

"मग याचंही तसंच झालंय का?"

"तो निम्मा आठवडा दुसरीकडे असतो."

त्या फार हुशार बाई होत्या. मला पुढे काही सांगावे लागले नाही. त्या लेकाकडे वळल्या. "म्हणजे तुला येतोय."

विराजने ग्लास खाली ठेवला.

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून," तो म्हणाला. मग, जणू आता थांबण्यात अर्थ उरला नव्हता अशा रीतीने, त्याने उरलेलेही सांगितले. ब्लीचिंग पावडर, फळ्या, उपसून फेकलेली वाइन, न झालेली विक्री. सांगताना तो ताटाकडे पाहत होता.

"आणि मी दर वेळी तुला चाखायला द्यायची," शकूताई म्हणाल्या. "तू मस्त म्हणायचास."

"आई, तेव्हा तुझी तब्येत—"

"माझी तब्येत मला विचारायची. तुझे वडील पहिल्या घासाला सांगायचे, शकू, मीठ जास्त झालंय. असा राग यायचा मला. पण तेव्हा मी घरातली बाई होते. तू मला पेशंट करून ठेवलंस. आणि मला वाटत होतं, मी घर चालवतेय."

त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर विराजला सोपे गेले असते, असे मला वाटले.

केतकीने ग्लास ताटापासून दूर सरकवला. "तू मला नाही येत म्हणालास," ती म्हणाली.

"आई समोर होती, केतकी. मी तुझ्याशी खोटं—"

"आईने नव्हतं विचारलं. मी विचारलं होतं. माझ्याकडे बघून सांगितलंस तू, तुझं नाक थकलंय म्हणून."

त्याने मोडलेला भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"गच्चीवर रेंज आहे," केतकी म्हणाली. "माझ्या आईला फोन कर. मी सांगणार नाही, मामाही सांगणार नाही. तू सांग. आणि ब्लीचिंग पावडरपासून सुरुवात करू नकोस, तिथून सगळ्यांना दयाच येईल. आत्ता 'नाही येत' म्हणालास ना, तिथून सांग."

विराज उठला, हात धुतले आणि वर गेला. अंगणातून तो कठड्याशी उभा दिसत होता. शब्द ऐकू येत नव्हते. तो बराच वेळ बोलला, नंतर बराच वेळ नुसता फोन कानाशी धरून उभा राहिला. खाली आला तेव्हा शकूताईंनीच विचारले, "काय म्हणाल्या?"

"काही नाही म्हणाल्या. पण फोन ठेवला नाही त्यांनी. शेवटी मीच म्हटलं, ठेवतो."

शकूताई गमबूट चढवत होत्या. "भाऊ, आता काय केलं म्हणजे हा वास जाईल?"

"फळ्या बाहेर काढाव्या लागतील. बऱ्याचशा जाळाव्या लागतील. पिंपंही कदाचित. ब्लीचिंग पावडर कायमची बंद."

"आणि जी भरून ठेवलीय ती?"

"ती गेली."

"जाऊ दे," त्या म्हणाल्या आणि तळघराकडे निघाल्या.

तिसरी वाइनरी आणि सूर्यास्त हे दोन्ही राहून गेले. पुण्याला परतल्यावर नलूने माझे मत विचारले. मी सांगितले की माणूस लपवणारा आहे, हे सिद्ध झाले. तो तसाच राहील का, हे एका दिवसाच्या निरीक्षणावरून सांगता येणार नाही. केतकीने आणखी वर्षभर निरीक्षण केले. त्या वर्षात विराज आपल्याला नको तितके खरे सांगत असे, अशी तिची तक्रार होती, आणि तक्रारींबद्दलचे माझे मत मी वर दिलेच आहे. त्यानंतर त्यांनी लग्न केले. मात्र नाशिकची आठवण निघाली की मला लग्न आठवत नाही. ती दुपार आठवते.

शकूताईंनी तळघरातून पहिली फळी ओढत पायऱ्यांपर्यंत आणली होती. विराज धावत पुढे झाला.

"तू नको," त्या म्हणाल्या. "केतकी, इकडचं टोक धर."

केतकीने माझ्याकडे पाहिले नाही. तिने ओढणी कमरेला बांधली आणि फळीचे टोक धरले. दोघींनी ती उन्हात आणून टाकली. विराज हात मोकळे सोडून उभा होता.

"तू तिथेच उभा राहा," शकूताई म्हणाल्या. "प्रत्येक फळीला नाक लाव आणि सांग. येतो का?"

तो गुडघ्यांवर बसला. "येतो."

त्यांनी ती फळी जाळायच्या जागेकडे ढकलली. दुसरी आली.

"ही?"

"येतो."

"ही?"

"येतो, आई."

जाळायचा ढीग वाढत गेला. मी कट्ट्यावर बसून होतो; मला कुणी काही विचारत नव्हते. मग तळघरात दरवाज्याच्या बाजूला असलेली एक फळी आली, तिच्यापाशी तो थांबला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नाक नेले. उलटी करून पुन्हा नेले.

"हिला नाही येत," तो म्हणाला.

शकूताईंनी त्याच्याकडे पाहिले, मग केतकीकडे. "तू बघ गं."

केतकी त्याच्याशेजारी खाली बसली, केस मागे सारले आणि फळीवर वाकली. तिने घाई केली नाही.

"नाही येत," ती म्हणाली.

शकूताईंनी ती फळी उचलली आणि दूर, भिंतीला टेकवून वेगळी ठेवली.